घोड्याची शेपटी वर का?

परवा सिंहगड रोडवर सिग्नलला अडकलो होतो. समोर रिक्षा. तिच्या पाठीवर 'आईचा आशीर्वाद', त्याखाली गणेश मंडळाचं नाव आणि या दोन्हींच्या मधोमध एक पिवळी ढाल, तिच्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा. खाली दोन अक्षरं, एस आणि एफ. शेजारी बसलेल्या सहावीतल्या भाच्याने विचारलं, "मामा, एस एफ म्हणजे सुपर फास्ट ना?"

नाही. एस म्हणजे स्कुदेरिया, एफ म्हणजे फेरारी. स्कुदेरिया हा इटालियन शब्द आहे आणि त्याचा अर्थ घोड्यांचा तबेला. आपल्याकडे त्याला याहून नेमका शब्द आहे, पागा. म्हणजे त्या रिक्षाच्या पाठीवर 'फेरारीची पागा' असं लिहिलं होतं.

पागा म्हटलं की घोडा आलाच, पण तो कोणाचा, हा खरा प्रश्न. घोडा फेरारीचा नाही. पिवळा रंगही त्यांनी शोधलेला नाही. आजकाल कंपन्या एजन्सीला पैसे मोजून बोधचिन्ह करून घेतात, तसं हे कोणी एका बैठकीत काढलेलंच नाही. वीस-पंचवीस वर्षांत एकेक गोष्ट येऊन चिकटत गेली. त्यामुळे ते चित्रासारखं नुसतं बघण्यापेक्षा जुन्या घराच्या भिंतीसारखं थराथराने खरवडून पाहिलं की जास्त मजा येते.

सगळ्यात खालचा थर म्हणजे एक वैमानिक. फ्रान्चेस्को बाराक्का, जन्म 1888, गाव लुगो, उत्तर इटलीतल्या रोमान्या भागातलं. घर जमीनदाराचं, खातंपितं. मुलाने लष्करात जायचं ठरवलं आणि मोदेना शहरातल्या लष्करी अकादमीत दाखल झाला. मोदेना हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. तिथून तो घोडदळात गेला. त्याच्या रेजिमेंटचं नाव 'पिएमोन्ते रेआले', आणि तिचं निशाण होतं लाल जमिनीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला चंदेरी घोडा.

1912 मध्ये बाराक्का विमान चालवायला शिकला. त्या काळी विमान म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि पुढे गरगरणारा पंखा. घोडदळातली बरीच तरुण अधिकारी मंडळी तेव्हा या नव्या खात्याकडे वळली. त्यात नवल नाही. घोडदळाचं काम काय, तर पुढे जाऊन शत्रूचा माग काढायचा आणि वेगाने हल्ला करून परतायचं. पहिल्या महायुद्धात मशीनगन आणि काटेरी तारांपुढे घोडा निकामी ठरला आणि हेच काम विमानाकडे गेलं. स्वार तेच राहिले, वाहन बदललं.

7 एप्रिल 1916 रोजी बाराक्काने ऑस्ट्रियाचं एक विमान पाडलं. हवाई चकमकीतला इटलीचा तो पहिला विजय. पुढच्या दोन वर्षांत त्याच्या नावावर 34 विजय जमा झाले, इटलीच्या कुठल्याही वैमानिकापेक्षा जास्त. याच काळात वैमानिक आपापल्या विमानावर स्वतःची खूण रंगवू लागले होते. गर्दीत आपला माणूस ओळखू यावा हे एक कारण, आणि समोरच्याला आपण कोण ते कळावं हे दुसरं. बाराक्काने आपल्या विमानाच्या अंगावर घोडा रंगवला, काळा. विमानात बसला तरी स्वतःला तो घोडेस्वारच समजत होता, असं मला त्या घोड्याकडे पाहून वाटतं.

19 जून 1918. प्याव्हे नदीच्या काठी मोठी लढाई सुरू होती. माँतेल्लो टेकडीजवळ खंदकांवर खालून उडत गोळ्या झाडायच्या मोहिमेवर बाराक्का गेला आणि परतला नाही. काही दिवसांनी त्याचा मृतदेह आणि जळालेलं विमान सापडलं. वय 30. गोळी जमिनीवरून लागली की दुसऱ्या विमानातून, यावर अजून वाद आहेत. देशाने त्याला वीरपुरुष केलं, लुगोत त्याचं स्मारक उभं राहिलं.

आता दुसरा माणूस. एन्झो फेरारी, जन्म 1898, मोदेना. त्याच्या वडिलांचा धातुकामाचा कारखाना होता. 1916 या एकाच वर्षात त्याचे वडील गेले आणि थोरला भाऊही गेला. पाठोपाठ एन्झोला सैन्यात बोलावणं आलं. डोंगरी तोफखान्यात त्याला नेमलं आणि काम दिलं खेचरांना नाल ठोकण्याचं. पुढे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध घोड्याचा मालक होणारा माणूस महायुद्धात खेचरांचे खूर तासत होता. इतिहास कधीकधी असा खोडकरपणा करतो.

युद्धानंतर एन्झो शर्यतीत गाड्या चालवू लागला, अल्फा रोमिओ कंपनीसाठी. 17 जून 1923 रोजी रावेन्नाजवळ साव्हिओ सर्किट नावाची शर्यत झाली आणि ती त्याने जिंकली. रावेन्ना लुगोपासून फार लांब नाही. तिथे त्याची गाठ बाराक्काचे वडील काउंट एन्रिको यांच्याशी पडली, आणि त्या ओळखीतून पुढे आई, काउंटेस पाओलिना यांच्याशी. एन्झोने नंतर सांगितलेली हकिकत अशी, की एक दिवस त्या त्याला म्हणाल्या, माझ्या मुलाचा घोडा तुमच्या गाडीवर लावा, तो तुम्हाला लाभेल.

'लाभेल' हा शब्द आपल्याला समजावून सांगायला लागत नाही. अमका खडा लाभला, तमकी गाडी लाभली नाही, हे आपण रोज बोलतो. पण 1923 मधल्या अल्फा रोमिओच्या चमूत या शब्दाला फार वजन होतं, ते एका वेगळ्या कारणाने. एन्झोचा जवळचा मित्र उगो सिवोच्ची हाही त्याच चमूत होता. सिवोच्ची चांगला ड्रायव्हर, पण जिंकता जिंकता राहायचा. त्या वर्षी एप्रिलमध्ये सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओ शर्यतीआधी त्याने गाडीच्या नाकावर पांढऱ्या चौकोनात क्लोव्हर नावाच्या रोपट्याचं चार दलांचं हिरवं पान रंगवलं. तिकडे ते शुभ मानतात. तो जिंकला. सप्टेंबरमध्ये इटलीतल्याच माँझा ट्रॅकवरच्या सरावात त्याच्या नव्या गाडीवर ते पान अजून रंगवलेलं नव्हतं. गाडी वळणावर घसरली आणि सिवोच्ची गेला. गाडीचा क्रमांक 17 होता. इटलीत 17 अशुभ, आपल्याकडे तेरावा म्हटलं की कपाळावर आठी येते तसा. तेव्हापासून अल्फाच्या शर्यतीच्या गाड्यांवर ते पान कायम राहिलं, पण चौकोनाऐवजी त्रिकोणात. एक कोपरा कमी, कारण एक माणूस कमी, असं सांगतात.

म्हणजे काउंटेसबाईंचं बोलणं कोणी भावुक म्हणून सहज कानाआड करावं अशा हवेत झालेलं नव्हतं. चिन्हाने माणूस तरतो, हे त्या चमूने एप्रिलमध्ये पाहिलं होतं. ते नसलं की काय होतं, हे सप्टेंबरमध्ये पाहिलं.

तरी घोडा गाडीवर यायला नऊ वर्षं लागली. कारण साधं आहे. गाडी एन्झोची नव्हती, अल्फाची होती, आणि तिच्यावर अल्फाचं पान होतं. दुसऱ्याच्या भिंतीवर आपली फ्रेम कशी टांगणार? ती सोय 1929 मध्ये झाली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात एन्झोने मोदेनात 'स्कुदेरिया फेरारी' काढली. ही गाड्या बनवणारी कंपनी नव्हती. अल्फाच्या गाड्या घ्यायच्या, त्या शर्यतीसाठी तयार करायच्या, ड्रायव्हर आणि मेकॅनिक जमवायचे आणि शर्यतीत उतरायचं, असा तो धंदा. भांडवल घालणाऱ्यांत हौशी, पैसेवाली मंडळी होती, त्यातले काही स्वतःही गाडी चालवायचे. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार असत, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. स्कुदेरियातही दोन्ही नमुने होते. पागा हा शब्द मी उगाच वापरला नाही.

9 जुलै 1932. बेल्जियममधल्या स्पा इथली 24 तासांची शर्यत. स्कुदेरियाच्या अल्फा रोमिओंवर पहिल्यांदा ती ढाल दिसली, पिवळी जमीन, काळा घोडा, वर इटलीच्या झेंड्याचे हिरवा-पांढरा-लाल पट्टे, खाली एस आणि एफ. ब्रिव्हिओ आणि सिएना या जोडीने शर्यत जिंकली. घोडा लाभला म्हणायचं.

पिवळा रंग कुठून आला, हे एन्झोने स्वतःच सांगून ठेवलंय, घोडा काळाच होता, मागची पिवळी जमीन मी घातली, कारण तो मोदेनाचा रंग. मोदेना शहराच्या जुन्या निशाणात पिवळ्यावर निळा क्रूस आहे. तिथला फुटबॉल संघ पिवळ्या जर्सीत खेळतो आणि त्याला लोक लाडाने 'कानारिनी' म्हणतात, म्हणजे छोट्या कॅनरी. जुनी निशाणं रंगवणाऱ्यांचा एक नियमही इथे आपोआप पाळला गेला. सोनेरी किंवा पांढऱ्यावर गडद रंग टाकायचा, गडदावर गडद नाही, म्हणजे लांबून ओळखता येतं. एसटीच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला हे कोणी शिकवावं लागत नाही.

इथे एक गैरसमज. फेरारी म्हणजे लाल, असं जगाला वाटतं. पण लाल हा फेरारीचा रंग नाहीच, तो इटलीचा. मोटार शर्यतींच्या सुरुवातीच्या काळात गाडीचा रंग देशावरून ठरे. ब्रिटन हिरवा, फ्रान्स निळा, जर्मनी पांढरा आणि नंतर रुपेरी, इटली लाल. अल्फा लाल, मासेराती लाल, सगळेच लाल. 1964 मध्ये एन्झोचं इटलीच्या मोटार शर्यत अधिकाऱ्यांशी वाजलं. पुरेशा गाड्या बांधल्या नसल्याने त्याच्या एका नव्या गाडीला हव्या त्या गटात मान्यता मिळेना, आणि आपले लोक आपल्या पाठीशी उभे राहिले नाहीत, असं त्याचं म्हणणं. मग तो रुसला. त्या मोसमातल्या फॉर्म्युला वनच्या शेवटच्या दोन शर्यती, अमेरिका आणि मेक्सिको, फेरारीच्या गाड्या त्याच्या अमेरिकन भिडूच्या चमूच्या नावाने धावल्या, पांढऱ्या-निळ्या रंगात. फेरारीचा ड्रायव्हर जॉन सर्टीज याने जगज्जेतेपद मिळवलं ते याच पांढऱ्या-निळ्या फेरारीत बसून. लाल देशाचा म्हणून देशावर रागावून उतरवता आला. गावाचा पिवळा मात्र घरचा.

आता त्या प्रसिद्ध दंतकथेकडे येऊ, कारण गाड्यांची आवड असलेला कोणी ना कोणी ती सांगितल्याशिवाय राहत नाही. कथा अशी, की बाराक्काने एक जर्मन विमान पाडलं, त्याचा वैमानिक श्टुटगार्टचा होता, त्याच्या विमानावर श्टुटगार्ट शहराचा घोडा होता, आणि जिंकल्याची खूण म्हणून बाराक्काने तो उचलला. आता श्टुटगार्टच्याच पोर्शे या गाड्यांच्या कंपनीच्या चिन्हातही तोच शहराचा घोडा आहे, म्हणजे फेरारीचा घोडा आणि पोर्शेचा घोडा एकाच पागेतले!

ही कथा टिकली, कारण दोन्ही घोडे खरंच सख्ख्या भावांसारखे दिसतात. श्टुटगार्टच्या निशाणात पिवळ्या जमिनीवर काळा घोडा आहे, तोही मागच्या पायांवर उभा. शहराच्या नावाचंच मूळ तिथे आहे, 'श्टुटेनगार्टेन', म्हणजे घोड्यांची पैदास करायची जागा. दहाव्या शतकात तिथे घोडींचा कळप राखला जाई आणि त्याभोवती गाव वसलं. पुन्हा पागाच. पण बाराक्काच्या घोड्यासाठी श्टुटगार्टपर्यंत जायची गरज नाही. तो ज्या रेजिमेंटमधून आला तिच्या निशाणावर घोडा आधीपासून होता. आणि पिवळा रंग तर बाराक्काचा नव्हेच, तो एन्झोने कितीतरी वर्षांनी मोदेनाचा म्हणून घातला. कथा जुळते ती शेवटचं चित्र पाहून. चित्र कोणत्या क्रमाने तयार झालं हे पाहिलं की सुटी होते.

पोर्शेचं चिन्ह तसं अगदी वेगळ्या रीतीने जन्मलं. ते खरंच टेबलावर बसून काढलेलं आहे. न्यूयॉर्कमधला त्यांचा विक्रेता माक्स हॉफमन याने कंपनी चालवणाऱ्या फेरी पोर्शेंना सुचवलं, की अमेरिकन गिऱ्हाइकाला गाडीवर काहीतरी भारदस्त लागतं. हॉटेलच्या नॅपकिनवर पहिलं रेखाटन झालं, हा किस्सा सगळीकडे सांगतात. मला नॅपकिनवरच्या सगळ्याच किश्श्यांचा संशय येतो. नक्की एवढं, की 1952 मध्ये कंपनीतला अभियंता फ्रान्झ झाव्हर राइमश्पीस याने ते चिन्ह आखलं. मध्ये श्टुटगार्टचा घोडा, भोवती व्युर्टेम्बर्ग प्रांताची सांबरशिंगं आणि लाल-काळे पट्टे. सुबक आहे, नेमकं आहे, पत्ता लिहिल्यासारखं आहे, शहर अमुक, प्रांत तमुक. त्यात मेलेला माणूस नाही, एवढाच फरक.

फेरारीच्या घोड्याला मध्येच बराच काळ पागेत बांधून राहावं लागलं. 1939 मध्ये एन्झो अल्फातून बाहेर पडला तो एका अटीवर, चार वर्षं फेरारी हे नाव शर्यतीत वापरायचं नाही. त्यामुळे 1940 च्या मिल्ले मिलिया शर्यतीसाठी त्याने ज्या दोन गाड्या बांधल्या, त्यांना नुसतं '815' म्हणावं लागलं. आठ सिलिंडर, दीड लिटर, म्हणून 815. फेरारीची पहिली गाडी खरं तर हीच म्हणायला हवी, पण कंपनी तिला तसं म्हणत नाही, कारण तिच्यावर नाव नाही. मग दुसरं महायुद्ध आलं, 1943 मध्ये कारखाना मोदेनाहून जवळच्या मारानेल्लोला हलला, आणि 12 मार्च 1947 रोजी 125 एस ही गाडी कारखान्याच्या फाटकातून पहिल्यांदा बाहेर पडली. हिच्यावर नावही होतं आणि घोडाही.

पण या वेळी चौकट बदलली. कारखान्याच्या गाडीसाठी ढालीऐवजी उभा आयत आला. वर तिरंगी पट्टे, मध्ये घोडा, आणि एस एफच्या जागी पूर्ण 'फेरारी', ज्यात पहिल्या अक्षराची वरची रेघ लांब ताणून बाकीच्या अक्षरांवर छपरासारखी घातलेली. कधी देवनागरीची सवय असलेल्या डोळ्यांनी ते नीट बघा, शिरोरेघ दिल्यासारखं वाटतं.

ही दोन रूपं आजही वेगळी आहेत आणि ती ओळखायची युक्ती सोपी आहे. आयत म्हणजे कारखाना, रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाडीच्या नाकावर तो असतो. ढाल म्हणजे स्कुदेरिया, शर्यतीचा चमू. रस्त्यावरच्या गाडीच्या बाजूला, पुढच्या चाकाच्या वर ढालही दिसू शकते, पण तिथे ती शर्यतीशी नातं सांगायला लावलेली असते. रिक्षावाल्याने ढाल निवडली होती. म्हणजे त्याने विकत मिळणारी फेरारी नव्हे, फॉर्म्युला वनची फेरारी लावली होती, आणि सिंहगड रोडवरचं त्याचं चालवणं पाहता ते योग्यच होतं.

हाच घोडा आणखी एका ठिकाणी अवतरला. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात डुकाटीच्या मोटरसायकलींवरही मागच्या पायांवर उभा घोडा होता. नक्कल? नव्हे. डुकाटीचा मुख्य अभियंता फाबिओ ताल्योनी लुगोचा. बाराक्का त्याचा गाववाला. घोडा गावाचाच म्हटल्यावर त्याला कोण अडवणार?

महाराष्ट्राच्या नशिबी या घोड्याची एक गोष्ट आहे, ती सगळ्यांना अर्धी आठवते. 2002 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिन तेंडुलकरने 29 वं कसोटी शतक काढलं आणि ब्रॅडमनशी बरोबरी केली. तेव्हा फेरारी ज्यांच्या मालकीची होती त्या फियाटने त्याला गाडी भेट दिली, आणि इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर फेरारीचा ड्रायव्हर मायकेल शूमाकरने ती त्याच्या हाती सोपवली. पुढचा आयात शुल्काचा वाद सगळ्यांच्या लक्षात आहे. एक कोटीहून जास्त शुल्क माफ करायचं की नाही यावर प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी पैसे फियाटने भरले. पण त्या गाडीचं नाव फारसं कोणाला आठवत नाही. '360 मोदेना'. जिथे बाराक्का शिकला, जिथे एन्झो जन्मला, ज्याचा पिवळा रंग घोड्याच्या पाठीमागे आहे, ते गाव.

हे सगळं मी भाच्याला एका सिग्नलमध्ये सांगितलं नाही, अर्थातच. तीन सिग्नल आणि पुलाच्या कामाचा खोळंबा मिळून झालं. तो बोटं मोजत ऐकत होता. मग म्हणाला, "घोडा त्या पायलटचा, पिवळा त्या गावाचा, लाल इटलीचा, वरचा झेंडापण इटलीचा. मग फेरारीने स्वतःचं काय केलं?"

रिक्षा अजून पुढेच होती. मी तिच्या पाठीवरच्या घोड्याकडे पाहिलं. बाराक्काच्या विमानावरच्या घोड्याची शेपटी खाली होती. ती वर उचलली मोदेनात.

"शेपटी," म्हटलं.